रुद्रच्या जावळाबाबत विहीणबाईंस

सौ. साखरबाई विहीणबाई यांना कवठे येमाईहून सगुणाबाईचा नमस्कार, सोपानराव व्याह्यांनाही सांगावा. देवीच्या कृपेनं इकडे सगळे जेवूनखाऊन बरे आहेत. तुमचा डावा गुडघा दिवाळीत कुरकुरत होता, तो आता उंबरा ओलांडू देत असेल अशी आशा आहे. थंडीत तिळाचं तेल चोळत जा, महागाचं मलम आणू नका.

सार्थकच्या हाती पाठवलेली पिशवी पोचली. त्यात निघालं ते असं. मोठ्या दाताचा लाकडी कंगवा एक (किमतीची चिठ्ठी तुम्ही नखानं खरवडली होती, पण शिरूरला तसलाच कंगवा नव्वदला आहे, मी मुद्दाम विचारलं). माका-जास्वंद घालून उकळलेल्या खोबरेलाची बाटली एक, घरची, म्हणजे फुकट म्हणायची, पण खोबरेल सध्या काय भावानं चाललंय ते देवाला माहीत आणि मला माहीत. केस बांधायला जुन्या साडीच्या काठाची मऊ वेढणी सहा, हातशिलाई, किंमत नाही. पाण्याचा फवारा मारायची बाटली एक, तीस. आणि सॅटिनच्या कापडाचा उशीचा अभ्रा एक, एकशे चाळीस, कारण सुती अभ्र्यावर लेकराचे केस घासून गुंततात असं तुमचं म्हणणं. विहीणबाई, मी जन्मभर धडुत्याच्या उशीवर झोपले आणि माझे केस अजून बोटभर जाड आहेत. पण तुमच्या जिनसांना नावं ठेवायला पत्र लिहिलेलं नाही. पोचपावती द्यायची रीत असते म्हणून दिली.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन का नाही केला. तर तुमचा फोन असतो व्याह्यांच्या खिशात, आणि ते तो स्पीकरवर टाकून ओट्यावर बसून बोलतात. मागच्या खेपेला मला पित्त झाल्याचं मी तुम्हाला सांगितलं आणि चार दिवसांनी खुटबावच्या कुणा पाहुण्यानं आमच्या दारात येऊन मला आवळा खायला सांगितला. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुमचं सुलक्षणा वाचते आणि माझं सार्थक. मी दहावी पास आहे, अक्षर वळणदार आहे, आणि पाकिटाचं चिकटवलेलं तोंड कुणी स्पीकरवर टाकू शकत नाही. म्हणून पत्र.

आता मुद्द्याचं. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण लिहायला घेतलं की पहिल्यापासून लिहावं. आपला रुद्र सातव्या महिन्यात जन्मला, काचेच्या पेटीत होता, तेव्हा मी येमाईपुढं पदर पसरून बोलले की लेकरू घरी येऊ दे, याच्या जावळाला पहिली कात्री लागेल ती विषम वर्षात, तुझ्याच दारात, मामाच्या मांडीवर. देवीनं ऐकलं. पहिलं वर्ष दवाखान्याच्या फेऱ्यांत गेलं, दुसरं सम म्हणून बाद, आता तिसरं चालू आहे. तोवर केसांना कात्री नाही. तेव्हा पोराचे केस पार खांद्याखाली उतरलेत, आणि कापसासारखे बारीक, त्यामुळे नुसता वारा लागला तरी गाठ बसते. (बाजारात बांगडीवाला त्याला बेबी म्हणाला. यानं त्याला आपण मुलगा असल्याचा पुरावा तिथल्या तिथं दाखवला.)

त्यात तुमच्या सुलक्षणाला शिक्रापुरात कंपनीत नोकरी लागली. तिच्या आणि आमच्या सार्थकच्या पाळ्या, खोली एकच, बाहेर रस्त्यावर ट्रकची रांग. पोराला एका आजीकडं ठेवायचं ठरलं. दिवाळीपर्यंत तो तुमच्याकडं होता, आता महिनाभर माझ्याकडं आहे, मग निकाल. सुलक्षणा जाताना मला म्हणाली, "आत्या, जिथं त्यो सकाळचा रडणार न्हाई तिथं ठिवू." बोलणं रास्त आहे, मी नावं ठेवत नाही. पण या पोराला दिवसाकाठी रडायची वेळ एकच, वेणीची. बाकी तो विंचू दिसला तरी हसतो. म्हणजे परीक्षेला एकच विषय, आणि तो नेमका तुमचा.

कारण तुमच्याकडं तो वेणी घालताना रडत नाही. हे मला सार्थकनं सांगितलं, सुलक्षणानं सांगितलं, दूधवाल्यालाही ठाऊक आहे. मला त्याचं काही वाटत नाही. एकाच्या हाताला एक गुण असतो, दुसऱ्याच्या हाताला दुसरा. पण विहीणबाई, कवठ्यात वेणीसाठी बायका माझ्याकडं येतात. लग्नात नवरीची वेणी घालायला मला बोलावणं असतं. माझी वेणी हळदीला घातली तर सत्यनारायणापर्यंत हलत नाही, नवरीच्या भुवया दोन बोटं वर चढतात इतकी घट्ट बसते. आणि त्या मला, हा एवढासा जीव, कंगवा हातात दिसला की कांद्याच्या चाळीत पळून जातो आणि आतून ओरडतो, "तू न्हाई. खुटबावची आजी. ती दुखवत न्हाई."

हे वाक्य मी पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा माझी भाकरी तव्यावर करपली. हिशेबाच्या वहीत ती भाकरी कुठल्या खात्याला टाकावी ते मला अजून समजलं नाही.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली होती. लेकराला दोन गुडघ्यांत धरायचं, डोक्यावर तेल थापायचं, आणि वरून खाली एका दमात कंगवा ओढायचा. सार्थकला मी असंच वाढवलं, त्याच्या आत्यांनाही अशाच वेण्या घातल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. (सार्थकला आता पुढून टक्कल पडतंय, पण ते त्याच्या आजोबांचं.) रुद्र मात्र असा किंचाळला की शेजारच्या अनसाबाई भिंतीवरून डोकावून विचारायला लागल्या, पोर भाजलं का काय. मग मी तुमच्या तेलाचा वास घेतला. रागावू नका, पण त्यात काही घातलं असेल अशी शंका मला आली होती. मी ते आधी स्वतःच्या डोक्याला लावून पाहिलं. काही झालं नाही. छान झोप लागली एवढंच, आणि ती शंकेत धरता येत नाही.

त्या वासावरूनच मला एक गोष्ट सुचली, ती लिहायला जड जातंय, पण लिहिते. सकाळी मी तुमचं तेल अंगभर लावलं, हिरव्या बांगड्या चढवल्या, डोक्यावरून पदर तुम्ही घेता तसा डाव्या कानामागून घेतला, आणि पोराकडं पाठ करून तुमच्यासारखी एक पाय लांब सोडून बसले. म्हटलं, लेकरू वासानं तरी फसेल. तो चाळीतून बाहेर आला. माझ्या पाठीला नाक लावलं. क्षणभर मला वाटलं, जिंकलं. मग तो माझ्या पुढं आला, माझं तोंड पाहिलं, मागं पाहिलं, खाटेखाली पाहिलं, आणि विचारलं, "आजी कुठं हाय?"

विहीणबाई, समोर बसलेय मी, आणि लेकरू मलाच विचारतंय आजी कुठं आहे. त्या दिवशी मी येमाईला नेहमीची एक वात लावते त्याऐवजी दोन लावल्या, आणि दुसरी कशासाठी ते देवीला सांगितलं नाही.

मग सार्थकनं फोनवर सुचवलं की पोरं बघून शिकतात, आधी दुसऱ्या कुणाचे केस विंचरून दाखवा. घरात दुसरं कोण? रुद्रचे आबाच. आमच्या ह्यांचे केस तुम्ही पाहिलेत, वर मोकळं रान आणि कडेला झुपके. मी त्यांना ओट्यावर बसवलं, फवारा मारला, आणि कानांवरच्या दोन झुपक्यांना तुमची दोन वेढणी बांधली, एक जांभळं, एक मोरपंखी. रुद्र टाळ्या वाजवत होता, कंगव्याला हातही लावायला तयार झाला होता. तेवढ्यात विकास सोसायटीच्या निवडणुकीतल्या पॅनेलची माणसं आली. हे जे गंभीर झाले ते डोक्यावर काय आहे हे विसरूनच गेले. चहा होईस्तोवर त्यांनी बिनविरोध निवडीवर भाषण दिलं, संस्थेची अब्रू कशी राखावी हे सांगितलं, आणि एकाही माणसानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. सगळे जमिनीकडं बघत मान हलवत होते. जाताना एकजण एवढंच म्हणाला की हौसराव, तुम्ही उभं राहणार असाल तर चिन्ह आमच्या ध्यानात आलं. तेव्हापासून हे माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि वेणीची वेळ झाली की दोघं आजोबा-नातू मिळून चाळीत लपतात.

आणि काल कहर झाला. हे त्याला शेतावर घेऊन गेले, बांधावर मोकळं सोडलं, आणि पोर गवतात लोळून आलं ते डोक्यात गोखरू घेऊन. ती काटेरी बोंडं धोतराला चिकटली तर धोतर फाटतं, इथं तर कापसासारखे केस. उजव्या कानामागं तीन बोंडं आणि त्यांच्याभोवती केसांची गाठ, चांगली लिंबाएवढी. हात लावला की रडणार. दुपारभर मी बसले, तेल ओतलं, फवारा मारला, गूळ दिला, मोबाईलवर कार्टून लावलं. एक काटा निघाला नाही. अनसाबाई कात्री घेऊन आल्या आणि म्हणाल्या, एवढीच बट कापली तर देवीला कुठं मोजायला येतंय. मी त्यांना म्हटलं, जिनं सातव्या महिन्याचं लेकरू मोजून परत दिलं तिला बट मोजता येत नाही होय. कात्री परत गेली, गाठ तशीच राहिली. शेवटी पोर रडून रडून माझ्याच मांडीवर झोपलं, आणि मी पदर तोंडात धरून बसले, कारण दोघांनी एकदम रडून घर चालत नाही.

म्हणून आता विनंती. जालिंदर मामा आहे, त्याच्या मांडीशिवाय जावळ होत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असल्यामुळं गाळपाच्या हंगामात त्याला रजा नसते, हे मी जाणते. पण त्यानं साहेबांना सांगून एक दिवस काढावा आणि याच आठवड्यात येऊन जावळ उरकून जावं. डोकं तुळतुळीत झालं की गाठ गेली, कंगवा गेला, रडणं गेलं, आणि पोर कुणाकडं राहायचं हा निकाल केसांवर लागणार नाही, निव्वळ मायेवर लागेल. (माया माझी काही कमी नाही.) यात माझा काही डाव आहे असं मनात आणू नका. जालिंदरला रजा कधी मिळते ते लगोलग कळवावं. कळावे.

आपली,
सगुणाबाई

ता. क. हे पत्र पेटीत पडायला हवं होतं ते ह्यांच्या बंडीच्या खिशात राहिलं, धुवायला काढताना सापडलं. बरं झालं. आता पाकीट उघडून पुढं लिहिते, नवं पाकीट लागणार नाही, डिंक घरचा आहे.

पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोर अंगणात दिसेना. पाहिलं तर गोठ्यात, आमच्या शेळीचं करडू पुढ्यात घेऊन बसलेलं, हातात तुमचा कंगवा. मी दाराआड उभी राहिले. करडाच्या पाठीवर केसांचा गुंता होता. रुद्रनं एका मुठीत तो बुडाशी घट्ट धरला, म्हणजे ओढ कातड्याला लागू नये. मग कंगवा लावला तो वरून नाही, अगदी शेंड्याला. एकदा फिरवला, आणि खाली वाकून करडाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं, "दुखलं?" आणि थांबला. करडू काही बोलेना, तर हा आपला थांबूनच. करडू ब्यां म्हणालं तेव्हा म्हणाला, "बरं, मग दमानं." मग जरा वरून. पुन्हा विचारलं. पुन्हा थांबला.

विहीणबाई, त्याच्या हातात मला तुमचे हात दिसले. माझं जे काही झालं ते मी लिहीत नाही. मला वाटलं होतं तेलात काही असेल, नाहीतर गाणं, नाहीतर खाऊ. आमची आई वेणी घालताना मला एकच विचारायची, हलतेस कशाला. मीही पुढं सगळ्यांना तेच विचारत आले.

मी जाऊन त्याच्या मागं बसले. कंगवा मागितला नाही, बोटांनीच सुरू केलं. गाठीच्या वरच्या बाजूला केस मुठीत धरले, खालचे चार केस सोडवले, आणि विचारलं, दुखलं? तो विचारात पडला. बराच वेळ पडला. माझं तिकडं दूध उतू जात होतं, अर्धा लिटर, तरी मी हलले नाही. मग म्हणाला, "न्हाई." मी पुढचे चार सोडवले. करडू रवंथ करत राहिलं, दूध गेलं, ऊन पायावर आलं, आणि तिन्ही बोंडं एकामागून एक माझ्या ओंजळीत आली. एकही केस तुटला नाही. मग मी सैलशी वेणी घातली, जी माझ्या मताप्रमाणं वेणीच नव्हे, आणि तो उठून कोंबड्यांना दाखवायला पळाला.

ता. क. दुसरा. तेव्हा वर जी जालिंदरच्या रजेची विनंती केली आहे ती कृपा करून वाचली नाही असं समजावं. उलट त्याला म्हणावं, हंगामात कारखान्याला तुझी गरज आहे, घरच्या कामासाठी साहेबांकडं तोंड वेंगाडणं बरं दिसत नाही. माघात रुद्रला तीन पूर्ण होतात. तिसरं वर्ष मामाला रजा नाही म्हणून गेलं, चौथं सम म्हणून आपोआप बाद, म्हणजे जावळ थेट पाचव्यात. देवीला मी विषम वर्ष बोलले होते, कितवं विषम ते बोलले नव्हते, आणि हे मी तिच्यापुढं दिवा लावून पुन्हा सांगितलं. दिवा विझला नाही. हे म्हणतात, वारं नव्हतं म्हणून. तुम्ही ह्यांच्याकडं लक्ष देऊ नका. मला रोज सकाळी या केसांपाशी बसायला मिळतंय, ते आताच कुठं सुरू झालंय.

ता. क. तिसरा, आणि खरी निकड ही आहे. काल सुलक्षणाचा फोन आला. मी आनंदानं रुद्रच्या कानाला लावला, म्हटलं त्याच्याच तोंडून ऐकू दे. तर हा म्हणाला, "खुटबावच्या आजीनं येणी घातली. मी रडलो न्हाई." मी त्याला खुणावतेय, तो माझ्याकडं बोट दाखवून पुन्हा तेच. तुमच्या ध्यानात येतंय का काय झालं ते? जी दुखवत नाही ती खुटबावची आजी, असा त्यानं हिशेब मांडलाय. गेले चार दिवस तो मला त्याच नावानं हाक मारतोय, आणि मी ओ देतेय.

सुलक्षणानं मला विचारलं, "आत्या, आई आलीया का तिकडं?" आता मी काय सांगायला हवं होतं ते मलाही कळतं. पण तुझा मुलगा मला तुझ्या आईच्या नावानं हाक मारतो, हे सुनेला सांगायला माझी जीभ वळेना. मी म्हणाले, हो, आल्यात. ती इतकी खूश झाली की पुढं सांगवेना. खोटं बोलल्याबद्दल मी शनिवार धरलाय, पण उपासानं काम भागणार नाही, कारण पुढच्या आठवड्यात दोघं सुट्टीला इथं येणार आहेत आणि तेव्हाच ठरणार आहे पोर कुणाकडं ते. आणि आता तिच्या मनानं असं घेतलंय की इथं रडणं थांबलं ते तुम्ही आहात म्हणून.

तेव्हा तुम्ही या. तिचा फोन आला तर व्याह्यांना म्हणावं, आई कवठ्याला गेलीय, एवढंच सांगा आणि स्पीकर बंद ठेवा. गुडघ्यासाठी शिरूरला ह्यांना मोटारसायकल घेऊन उभं करते, गाडी बदलायचा त्रास नको. येताना काही आणू नका, राहायचं-जेवायचं माझ्याकडं. तुम्ही फक्त सकाळी पोराच्या समोर बसायचं, हात लावायचा नाही, वेणी मी घालीन, आणि दुखलं का तेही मीच विचारीन. सुलक्षणानं डोळ्यांनी बघावं, आणि रुद्रला एकदा दिसावं की या घरात बसलेल्या आज्या दोन आहेत आणि त्यातली मागं बसलेली कवठ्याची. एवढं झालं की पोर कुणाकडं राहायचं ते आपण दोघी बसून बोलू, मी भांडणार नाही, म्हणजे फार भांडणार नाही. जालिंदरला बरोबर आणू नका, त्याला रजा नाही. कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीनं निघताय ते उलट टपाली कळवा.